संकरित मका : बियाण्याची आणि विश्वासाची कहाणी

नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्था सर्वांना ‘पुसा’ या नावानेच परिचित आहे. मूळ पुसा हे बिहारमधील गाव. तेथे १९०५ साली स्थापन झालेल्या या संस्थेची इमारत १९३४ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली आणि १९३६ साली संस्था दिल्लीस आली; येताना गावाचे नावही सोबत घेऊन आली. भारतातील संकरित मक्याच्या इतिहासाशी या परिसराचा निकटचा संबंध आहे.

मक्याच्या झाडाला तुरा शेंड्यावर येतो, तर कणीस खोडाच्या मध्यावर धरते. तुऱ्यातील पराग वाऱ्याबरोबर शेजारच्या कणसांवर पडतात. हे परागीभवन रोखून एकाच झाडाचे पराग त्याच्याच कणसावर पिढ्यान् पिढ्या टाकले, तर झाडे खुरटत जातात. परंतु असे दोन भिन्न शुद्ध वंश एकत्र आणले की त्यांची संतती विलक्षण जोमदार निपजते, हे अमेरिकेत जॉर्ज शल यांनी १९०८ च्या सुमारास दाखवून दिले. मात्र हा जोम पुढील पिढीत ओसरतो. उत्तम कणसे निवडून बियाण्यासाठी जपून ठेवणारा शेतकरी त्यामुळे दरवर्षी नवे बियाणे विकत घेणारा ग्राहक झाला.

भारतात १९५७ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सहकार्याने अखिल भारतीय समन्वित मका प्रकल्प सुरू झाला. त्यातून १९६१ साली ‘गंगा-१’, ‘गंगा-१०१’, ‘रणजित’ आणि ‘डेक्कन’ ही संकरित वाणे प्रसारित झाली. वाण सिद्ध झाले, पण लाखो शेतकऱ्यांपर्यंत शुद्ध बियाणे पोहोचवणार कोण? त्यासाठी १९६३ साली राष्ट्रीय बीज निगमाची स्थापना झाली. त्याचे मुख्यालय, ‘बीज भवन’, पुसा परिसरातच आहे.

बीजोत्पादन हे जोखमीचे काम आहे. मादी वंशाच्या ओळींतील प्रत्येक तुरा पराग सुटण्यापूर्वी हाताने उपटावा लागतो. आसपास ठराविक अंतरात मक्याचे दुसरे पीक चालत नाही. तुरे उपटायचे राहिले तर बियाण्याची शुद्धता बिघडते, आणि दाणे पाहून ते ओळखता येत नाही. १९६६ च्या बियाणे कायद्याने बीजप्रमाणीकरणाची व्यवस्था आणली. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरील निळी चिठ्ठी ही त्या तपासणीची ग्वाही होय.

आफ्रिकेतही याच काळात असेच प्रयत्न चालू होते. दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, १९६० साली ‘एसआर-५२’ हे वाण आले. त्याचा प्रथम लाभ झाला तो गोऱ्या जमीनदारांच्या मोठ्या शेतांना. केनियात मात्र १९६४ साली आलेले ‘हायब्रिड ६११’ लहान शेतकऱ्यांनीही झपाट्याने स्वीकारले. त्याच वर्षी आपल्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ची स्थापना केली. बियाणे क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९९८ सालचा जागतिक अन्न पुरस्कार लाभला.

बँकेच्या दृष्टीने या कहाणीचा मथितार्थ महत्त्वाचा आहे. बियाणे विकत घ्यावयाचे म्हणजे पेरणीपूर्वी हाती पैसा हवा. तो वेळेवर न मिळाल्यास शेतकरी सावकाराकडे वळतो, अथवा स्वस्त, बिनचिठ्ठीची पिशवी उचलतो. उगवण फसली तर आठ-दहा दिवसांत कळते. भेसळ मात्र तुरे आल्यावरच उघड होते, आणि तोवर हंगाम हातचा गेलेला असतो. कर्जाचा हप्ता तर थांबत नाही. १९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्ड योजनेचे मोल म्हणूनच मोठे आहे. पीककर्ज मंजूर करताना पेरणीची तारीख ध्यानी ठेवणे हे आम्हा कर्मचाऱ्यांचे कर्तव्य ठरते.

शेतकरी ग्राहकांना एकच विनंती : बियाणे खरेदीची पक्की पावती, पिशवीवरील चिठ्ठी आणि मूठभर दाणे पीक घरी येईपर्यंत जपून ठेवावेत. तक्रारीची वेळ आलीच, तर हाच आपला पुरावा ठरेल.