लाटलेले पोलाद

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पोलादावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण वर्गाच्या छपरातली सळई कशी लाटली गेली, याच्याशी आपल्या डोक्याचा संबंध आहेच!

पोलाद एकजीव दिसते. प्रत्यक्षात ते बारीक स्फटिककणांचे बनलेले असते. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६३ च्या सुमारास पोलाद घासूनपुसून, त्यावर आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कण जितके बारीक, तितके पोलाद बळकट आणि चिवटही. हे दोन गुण एकदम वाढवणारा दुसरा उपाय क्वचितच सापडतो.

सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला ठोकळा दोन फिरत्या रोलांमधून जातो, तेव्हा त्याचे कण चेपून लांबट होतात व आत ताण साठतो. कणीक मळल्याबरोबर लाटली तर आखडते, झाकून ठेवली की सैल पडते. तसेच उष्णतेमुळे पोलादातले अणू हलून विस्कटलेली रचना थोडी सावरते. हीच 'पुनःप्राप्ती'. यात कणांचा आकार मात्र तसाच राहतो. उष्णता पुरेशी असेल तर पुढची पायरी येते. चेपलेल्या कणांच्या कडांवर नवे, ताण नसलेले कण जन्मतात आणि जुन्यांची जागा घेतात. हे पुनःस्फटिकीकरण. कणकेचा दृष्टान्त येथे संपतो.

खरी मेख शेवटच्या फेरीत आहे. ती फार तापलेल्या पोलादावर झाली तर नवे कण फुगतात, पोलाद भरड राहते. फार निवल्यावर झाली तर नवे कण जन्मतच नाहीत. पोलाद कठीण होते, पण वाकवताना दगा देते. कमी कार्बनच्या पत्र्यासाठी हा शेवट बहुधा ८५० ते ९०० अंशांच्या आसपास साधतात.

माझे वडील जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीपुढे काम करतात. ते शाळेत गेले नाहीत. त्यांना अंश ठाऊक नाहीत, रंग ठाऊक आहेत. पिवळा म्हणजे साधारण ११००, नारिंगी ९५०, लाल ८००, हा हिशेब मी पुस्तकातून मांडला. "नारिंगी उतरला की माल घालू नये, रोल बोंबलतो," एवढेच ते म्हणाले. निवलेले पोलाद रोलांवर किती जोर आणते, हे पुस्तकात मला तीन पाने वाचून कळले होते.

गंमत म्हणजे चेपलेले कण नेहमीच वाईट नसतात. नायोबियम हा धातू टक्क्याच्या काही शतांशाइतका मिसळला तरी पुनःस्फटिकीकरण लांबते. मग मुद्दाम कमी तापमानाला लाटतात. चेपलेल्या कणांना कडा जास्त असतात, आणि पोलाद निवताना त्या कडांवरच फार बारीक कण तयार होतात. तेल व वायू वाहून नेणाऱ्या मोठ्या नळांचे पोलाद असेच लाटलेले असते.