गोकर्णाचं निळं पाणी

भाजणीची खमंग चकली आणि फसफसणारा बाथ बॉम्ब या दोन गोष्टी आमच्या घरी एकाच आठवड्यात होतात. पाऊस पूर्ण थांबलेला असतो, हवेतला ओलावा उतरलेला असतो आणि दोन्ही गोष्टींना नेमकं तेच हवं असतं. गेली अनेक वर्षं मी हे सुगंधी, रंगीत गोळे घरी करते, वाटते, मैत्रिणींना शिकवते. वासापासून सुरुवात केली होती, पण मन रमलं ते रंगात. म्हणून या लेखात रंगांबद्दल जरा जास्तच वाचावं लागेल.

इतिहास थोडक्यात सांगते. पाण्यात टाकताच उसळणाऱ्या औषधी गोळ्या जुन्याच आहेत. अमेरिकेत 1931मध्ये ‘अल्का-सेल्टझर’ आली आणि ती उसळी घराघरांत पोहोचली. मो कॉन्स्टंटाइन या बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल या गावात सौंदर्यप्रसाधनं बनवत. औषधाच्या गोळीची ही उसळी आंघोळीच्या पाण्यात आणली तर, असा विचार त्यांनी केला आणि 1989मध्ये घरामागच्या शेडमध्ये पहिला बाथ बॉम्ब बनवला. पुढे 1995मध्ये त्यांनी पती मार्क आणि इतर सहकाऱ्यांसोबत ‘लश’ ही कंपनी सुरू केली आणि हा गोळा जगभर गेला.

भाचीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा ‘लश’च्या एका दुकानात मी बराच वेळ रेंगाळले. भाजीबाजारात टोमॅटो रचावेत तसे गोळ्यांचे ढीग होते, आणि मधोमध पाण्याने भरलेलं एक मोठं पातेलं. विक्रेती मुलगी गिऱ्हाइकांसमोर एक-एक गोळा त्यात सोडून दाखवत होती. एका गोळ्यात तोंडात तडतडणाऱ्या साखरेचे कण घातलेले होते. पाण्यात पडल्यावर तो बारीक आवाजात तडतडू लागला आणि भोवतीची मुलं कान लावून ऐकू लागली. त्या पातेल्याजवळ उभी असतानाच ठरवलं, की यातलं शक्य तेवढं आपल्या स्वयंपाकघरात करून बघायचं.

साहित्य ऐकलं की बहुतेकांना आश्चर्य वाटतं. मुख्य घटक दोनच, खायचा सोडा आणि लिंबूफूल म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. ढोकळ्याला ज्यामुळे जाळी पडते, तीच ही जोडी. कोरडे असेपर्यंत दोघं एकमेकांशेजारी निमूट बसतात. पाणी मिळालं, की दोन्ही विरघळतात, भेटतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 100 ग्रॅम सोडा आणि 50 ग्रॅम लिंबूफूल यांतून साधारण 19 लिटर वायू निघतो. आंघोळीची एक अख्खी बादली भरेल एवढा वायू मुठीत मावणाऱ्या गोळ्यात दडलेला असतो, हे गणित मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतेच. मिश्रण हातात असताना चुकून पाण्याचा थेंब पडला, तर ते चटकन गार लागतं, कारण ही क्रिया भोवतालची उष्णता ओढून घेते.

नावात लिंबू असलं तरी आजच्या लिंबूफुलाचा लिंबाशी संबंध उरलेला नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीले याने 1784मध्ये लिंबाच्या रसातून त्याचे स्फटिक वेगळे केले आणि पुढे शंभरावर वर्षं ते इटलीतल्या लिंबांपासूनच बनत होतं. जेम्स करी या अमेरिकी संशोधकाने 1917मध्ये दाखवून दिलं, की अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची काळी बुरशी साखरेपासून हेच आम्ल भरपूर बनवते. दोनच वर्षांत फायझर कंपनीने त्याचं उत्पादन सुरू केलं. शिळ्या कांद्यावर जी काळी बुरशी येते, तिच्याच गोतावळ्यातली ही. इतकी गुणी बुरशी माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

आता प्रमाण. 200 ग्रॅम सोडा, 100 ग्रॅम लिंबूफूल, 50 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, दोन छोटे चमचे खोबरेल किंवा बदामाचं तेल आणि सुगंधी तेलाचे वीसेक थेंब. हिशेबाने पाहिलं तर 100 ग्रॅम सोड्याला 76 ग्रॅम लिंबूफूल लागतं. आपण मुद्दाम कमी घेतो, म्हणजे आम्ल पूर्ण संपतं आणि थोडा सोडा शिल्लक राहतो. हा शिल्लक सोडा पुढे रंगांच्या बाबतीत फार महत्त्वाचा ठरतो. कॉर्नफ्लोअरमुळे फसफस जरा संथ होते आणि मजा लांबते. सोडा खाण्याचाच हवा. धुण्याचा सोडा किंवा पापडखार मुळीच नको, ते त्वचेला फार तीव्र. लिंबूफुलाचे दाणे मिक्सरमधून काढताना नाकावर रुमाल बांधा, ती पूड नाकात झोंबते.

सगळं कोरडं चाळून घ्यायचं, तेल चोळायचं आणि मग ओलावा द्यायचा. सगळी मेख इथेच आहे. पाणी किंवा गुलाबपाणी शिंपडलं, की गोळा रात्रीतून फुगतो आणि सकाळी त्यावर फोड आलेले दिसतात. त्याऐवजी फवारणीच्या बाटलीत आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे स्पिरिट घ्यायचं. मिश्रण ओलसर होतं, पण फसफस सुरू होत नाही आणि स्पिरिट नंतर उडून जातं. ते पटकन पेट घेतं, म्हणून जवळ गॅस, निरांजन, पणती काहीही पेटतं नको. मूठ दाबली की मिश्रण एकत्र राहिलं आणि बोटाने टोकरलं की भुगा झाला, म्हणजे जमलं. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल, तर जुलै-ऑगस्टमध्ये या वाटेला जाऊ नका. पुण्या-नगरच्या कोरड्या हवेत गोळे एका रात्रीत खडखडीत वाळतात.

बाजारात गोल साचे मिळतात, पण माझं मत विचाराल तर मोदकाच्या साच्याला तोड नाही. तुळशीबागेतला पितळी नको, कारण लिंबूफूल पितळेला चरतं. प्लास्टिकचा, बिजागरीचा साचा घ्यायचा, दोन्ही बाजू गच्च भरायच्या, खालून अंगठ्याने दाबायचं आणि अलगद उघडायचा. कळ्या इतक्या रेखीव येतात, की पाण्यात टाकताना आधी त्या कडा विरघळताना दिसतात, मग टोक झुकतं आणि शेवटी बुडखा गरगरत राहतो. या कामासाठी साचा वेगळा ठेवावा, नैवेद्याच्या मोदकांचा वापरू नये.

आणि आता रंग. सुरुवातीला सगळे बाजारी रंगाकडे वळतात. खाण्याचा रंग घ्यायचाच असेल तर पूड घ्यावी, पातळ रंगात पाणी असतं. अभ्रकाची चमकती पूड दुकानात मोहक दिसते, पण ती विरघळत नाही, तळाशी बसते आणि टबाला कडं धरते. रांगोळीचे रंग दिवाळीत हाताशी असतात म्हणून कुणी वापरू नयेत. ते अंगाला लावण्यासाठी नसतात. मला विचाराल तर खरी गंमत आपल्या कुंपणावर आणि मसाल्याच्या डब्यात आहे.

गोकर्णापासून सुरू करते. निळ्या गोकर्णाची फुलं सावलीत वाळवायची, देठाकडचा हिरवा भाग काढायचा आणि पाकळ्या बारीक दळून वस्त्रगाळ करायच्या. ही पूड पांढऱ्या मिश्रणात कालवली, की आधी फिकट राखाडी-निळा रंग येतो. स्पिरिटचा फवारा बसल्यावर जरा थांबून, भिंग घेऊन बघा. निळ्या पसाऱ्यात जांभळे-गुलाबी ठिपके उमटलेले दिसतात. जिथे लिंबूफुलाचा कण ओला झाला, तिथे आम्लामुळे गोकर्णाने रंग बदललेला असतो, आणि शेजारी सोड्याच्या कणाला चिकटलेली पूड निळीच राहते. तयार गोळा कोमट पाण्यात सोडला, की लिंबूफूल आधी झपाट्याने विरघळतं, त्यामुळे गोळ्याभोवती क्षणभर जांभळट धूर उठल्यासारखा दिसतो. मग सोडा त्याला गाठतो आणि पाणी निळं होत जातं. शिल्लक सोडा महत्त्वाचा म्हटलं ते यासाठी. लिंबूफूल जास्त झालं तर शेवटचं पाणी जांभळ्याकडे झुकतं.

हळदीचं वागणं उलट. आम्लात ती पिवळी राहते आणि क्षारात लाल होते. आपलं कुंकू याच गुणावर उभं आहे. हळदीला टाकणखारासारखे क्षार लागतात आणि तिचा लाल रंग खुलतो. पंढरपूरच्या बाजारात कुंकवाच्या राशी बघताना मला दर वेळी ही रसायनविद्या आठवते, कुठल्याही प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी आपल्या बायकांच्या हातात असलेली. बाथ बॉम्बमध्ये चिमूटभर हळद घातली आणि स्पिरिट फवारलं, की रंग एकदम गडद होतो, कारण हळदीतलं रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र छान विरघळतं. काही ठिकाणी नारिंगी झाकही येते. हळद चिमटीनेच घाला, नाहीतर पांढरे टॉवेल पिवळे होतील.

कोकमाने मला सर्वांत जास्त वेळ गुंतवून ठेवलं. सोलाचा तो गर्द लाल रंग आम्लामुळे असतो. आगळाचा डाग साबणाने धुताना निळसर-काळपट होतो, हे कोकणातल्या कोणत्याही घरात माहीत असतं. गोळ्यातही तेच घडतं. वाळक्या कोकमाची पूड कोरड्या मिश्रणात गुलाबी दिसते, पाण्यात पडताच जांभळटाकडे आणि मग धुरकट राखाडीकडे जाते. पुष्कळांना तो शेवटचा रंग आवडत नाही. मला आवडतो, पावसाळ्यातल्या ढगाचा वाटतो. जास्वंदीचंही असंच होतं. रंग गुलाबीच हवा असेल तर बीटची पूड घ्यावी. ती टिकते, पण जुनी झाली की तपकिरी पडते, म्हणून ताजीच वापरावी.

आणि रतनजोत. केसांच्या तेलाला लाल रंग आणणारी ही मुळी काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. खोबरेल तेलात ती काही दिवस भिजत ठेवली, की तेल माणकासारखं लाल होतं. हे तेल गोळ्याच्या मिश्रणात चोळताना बघत राहावं. सोड्याच्या संगतीत लाल रंग हळूहळू जांभळा होत जातो. एकाच मिश्रणाचे दोन भाग करून एकात गोकर्ण आणि दुसऱ्यात रतनजोत घालते, साच्याची एक बाजू एकाने आणि दुसरी दुसऱ्याने भरते. माझ्या सगळ्या प्रयोगांत हाच गोळा मला सर्वांत देखणा वाटतो.

सुगंधाबद्दल एकच आग्रह, वाळा घ्या. पुण्यात रविवार पेठेत उटण्याचं सामान घ्यायला गेलात, की नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद सगळं एका जागी मिळतं. नागरमोथ्याची वस्त्रगाळ पूड गोळ्यात अर्धा चमचा घातली, तर नरकचतुर्दशीच्या पहाटेचा वास पाण्यातून वर येतो. वर येतो हे अगदी शब्दशः खरं आहे. पृष्ठभागावर फुटणारा प्रत्येक बुडबुडा सुगंधी तेलाचे सूक्ष्म तुषार हवेत उडवतो, म्हणून बाथ बॉम्बचा वास साध्या तेलापेक्षा लवकर भरतो. मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या अत्तराच्या दुकानांत मी खूप फिरले आहे. तिथे वाळ्याचं अत्तर मागताना ते कशात बनवलंय हे नक्की विचारा, आणि फक्त नैसर्गिक तेलच घ्या. लवंग आणि दालचिनीचं तेल टाळा, त्वचा भाजल्यासारखी चुरचुरते.

बाथटब कुठून आणायचा, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्याची गरज नाही. लिंबाएवढा छोटा गोळा पाय बुडवायच्या टबात टाकावा किंवा अभ्यंगस्नानाच्या शेवटच्या बादलीत. आणखी एक फायदा आहे. फसफस संपल्यावर पाण्यात सोडियम सायट्रेट उरतं आणि ते पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं. बोअरच्या जड पाण्याला त्यामुळे मऊपणा येतो, ज्यांच्या घरी टँकर आणि बोअर हाच आधार आहे त्यांना हा फरक हाताला कळतो. तांब्या-पितळेच्या घंगाळात मात्र हे करू नका. तेलामुळे फरशी निसरडी होते, नंतर साबणाने धुवून घ्या. त्वचेवर जखम, खाज किंवा इसब असेल तर वापरू नका, लहान बाळांसाठी तर नकोच, आणि ते पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका.

वाळलेले गोळे झाकणाच्या बरणीत ठेवले, तर संक्रांतीपर्यंत छान राहतात. त्यानंतर फसफस मंदावते. गोकर्णाला अजून फुलं येत असतील, ती रोज सकाळी वेचून कागदावर पसरून ठेवा, पुढच्या खेपेची पूड आपोआप जमते. आणि भाऊबीजेला कुणाला हे गोळे भेट देणार असाल, तर ते फराळाच्या ताटाजवळ ठेवू नका. मोदकाच्या आकाराची, सुगंधी, रंगीत वस्तू मुलं आधी तोंडात घालतात. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘आंघोळीसाठी, खाण्यासाठी नाही’ असं लिहा आणि मगच द्या.