उंच आहात? मग सॅक घेण्यापूर्वी पाठ मोजा

शनिवारी रात्रीच्या गाडीने ट्रेकला निघालेल्या कोणत्याही ग्रुपकडे पाहा. त्यात एक तरी ताडमाड उंच मुलगा असतोच. सामानाची वाटणी सुरू झाली की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. ''तू उंच आहेस, तंबू तू घे!'' तंबूमागून पातेले येते, पातेल्यामागून शिधा येतो आणि तोही बिचारा नाही म्हणत नाही. सकाळी खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाची चढण सुरू होते. तोलार खिंडीपर्यंत सगळे ठीक चालते. त्यापुढच्या उभ्या कातळावर मात्र हाच सर्वांत धडधाकट दिसणारा गडी मागे पडू लागतो. दर दहा पावलांनी तो दोन्ही अंगठे पट्ट्यांखाली घालून सॅक वर उचलतो, खांदे झटकतो, पुन्हा पुढे वाकून चालू लागतो. घरी परतल्यावर आई त्याच्या खांद्यावरचे लाल वळ पाहते आणि तेल चोळता चोळता म्हणते, ''एवढा घोडा झालास, एवढंसं ओझं झेपत नाही?''

ओझे झेपले असते. सॅक त्याच्या मापाची नव्हती, एवढेच.

शर्ट घेताना आपण छातीचे माप सांगतो, बूट घेताना नंबर सांगतो. सॅक घेताना मात्र दुकानदार एकच प्रश्न विचारतो, ''किती लिटरची देऊ?'' आणि आपणही 'पन्नास' किंवा 'साठ' असे सांगून मोकळे होतो. लिटर म्हणजे सॅकमध्ये किती सामान मावेल याचे माप. ती तुमच्या पाठीवर बसेल की नाही, हे त्यावरून मुळीच कळत नाही. मध्यम उंचीच्या माणसाचे या चुकीवर निभावून जाते, कारण बहुतेक सॅक त्याच्याच अंदाजाने बनवलेल्या असतात. सहा फुटांच्या वरचा मुलगा किंवा पाच फूट नऊ इंचांची मुलगी यांना मात्र ही चूक प्रत्येक चढणीवर भोवते.

भार जातो कुठे?

डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकडी उतरणारी बाई पाहिली आहे ना? तिची मान ताठ असते, कारण भार सरळ कण्यावरून कमरेत आणि तिथून पायांत उतरतो. चांगली सॅकही हेच करते, फक्त जरा वेगळ्या मार्गाने. सॅकच्या पाठीत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा कडक पत्रा असतो. वरचे वजन त्यातून खाली कमरेच्या जाड पट्ट्यावर येते आणि हा पट्टा कमरेच्या हाडांवर टेकलेला असतो. सॅक नीट बसली असेल तर वजनाचा मोठा हिस्सा कमरच पेलते. खांद्यांचे पट्टे सॅकला पाठीशी धरून ठेवण्यापुरते उरतात.

कमरेच्या पट्ट्याच्या मागे एक गमतीदार हकिगत सांगितली जाते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात डिक केल्टी नावाचा एक सुतारकाम करणारा गृहस्थ होता. 1950 च्या सुमारास डोंगरात फिरताना पाठीवरच्या सॅकच्या चौकटीची खालची टोके पँटच्या मागच्या खिशांत खोचली, तर खांद्यांवरचा भार एकदम हलका होतो, हे त्याच्या ध्यानात आले. 1952 मध्ये त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला सुरुवात केली. पुढे 1967 मध्ये ग्रेग लोव याने ही चौकट सॅकच्या पोटात दडवली. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक मोठ्या सॅक याच घराण्यातल्या.

आता हीच सॅक आखूड पाठीची असेल आणि ती उंच माणसाने चढवली तर काय होईल? खांद्यांचे पट्टे खांद्यांवर नीट बसवले, तर कमरेचा पट्टा कमरेवर न येता बेंबीच्या पातळीवर, पोटावर आवळला जातो. तिथे हाड नाही, म्हणजे आधारही नाही. उलट श्वास मात्र कोंडतो. पट्टा ओढून कमरेवर आणला, तर खांद्यांचे पट्टे खांद्यांत रुततात आणि काखेत काचतात. दोन्ही प्रकारांत बारा-चौदा किलो वजन खांद्यांवरच लटकते.

हा केवळ दुखण्याखुपण्याचा प्रश्न नाही. खांद्यावरून हाताकडे जाणाऱ्या नसा पट्ट्याखाली तासन्‌तास दाबल्या गेल्या, तर हाताला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, क्वचित हात उचलण्याची ताकदच कमी होते. डॉक्टरांच्या भाषेत याला 'रकसॅक पाल्सी' असे नाव आहे. बहुतेकांचा हात पूर्ववत होतो, पण त्याला काही आठवडे किंवा महिनेही लागू शकतात. दुसरा धोका तोलाचा. कमरेला न धरलेली सॅक प्रत्येक पावलाला डावीउजवीकडे झुलते. सपाटीवर ते चालून जाते. पण कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर किंवा हिमालयातल्या बर्फाच्या उतारावर मागून बसलेला एक झोल पुरेसा असतो.

शिंप्याची टेप घ्या

माप घरीच घेता येते. त्यासाठी शिंप्याची टेप आणि घरातला कोणीतरी मदतीला हवा. मान खाली घाला. मानेच्या तळाशी, जिथे पाठ सुरू होते, तिथे एक मणका ठळकपणे वर आलेला बोटाला लागतो. हा मानेचा सातवा मणका. टेपचे एक टोक तिथे धरायला सांगा. आता दोन्ही हात कमरेवर ठेवा, एखादी आजी रागावून उभी राहते तसे! अंगठे पाठीकडे हवेत. तळव्याखाली कमरेच्या हाडाची वरची कड लागेल. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी एक आडवी रेघ कल्पनेने काढा. वरच्या मणक्यापासून या रेघेपर्यंत टेप पाठीच्या बाकाला धरून खाली आणा. जे सेंटिमीटर येतील, ती तुमच्या पाठीची लांबी. दोनदा मोजा, कारण पहिल्या वेळी माणूस हटकून छाती काढून उभा राहतो.

ढोबळ मानाने 43 सेंटिमीटरपर्यंत लहान, 43 ते 48 मध्यम आणि त्याहून जास्त असेल तर मोठी पाठ समजली जाते. प्रत्येक कंपनीची विभागणी थोडी वेगळी असते, म्हणून सॅकवरचा किंवा कंपनीच्या पत्रकातला तक्ता पाहावाच.

इथे एक आश्चर्य हमखास निघते. दोन सख्खे भाऊ, दोघेही सहा फूट एक इंच. एकाची पाठ 46 भरते आणि दुसऱ्याची 53. पहिल्याची सगळी उंची पायांत असते. पहिल्याला मध्यम मापाची सॅक अगदी झकास बसते आणि दुकानदाराच्या आग्रहाने त्याने मोठी घेतली, तर कमरेचा पट्टा खाली मांड्यांवर घसरतो. तेव्हा 'मी उंच, मला सर्वांत मोठी द्या' हेही चूकच. घरात खुर्चीवर बसल्यावर जो इतरांपेक्षा डोकेभर उंच दिसतो, त्याची पाठ बहुधा लांब असते. एवढा अंदाज बांधता येतो, पण माप ते माप.

दुकानात गेल्यावर

काही कंपन्या एकच सॅक लहान, मध्यम, मोठी अशा मापांत काढतात. लांब पाठीच्या माणसाने आधी अशा सॅक शोधाव्यात. बाकीच्यांत खांद्यांचे पट्टे पाठीवर वरखाली सरकवण्याची सोय असते. ही सोय चांगलीच, पण तिच्यात एक मेख आहे. पट्टे सर्वांत वरच्या खुणेपर्यंत सरकवले तरी आतली चौकट वाढत नाही, ती तेवढीच राहते. खांद्याच्या पट्ट्यावरून सॅकच्या वरच्या कडेकडे जाणाऱ्या दोन बारीक पट्ट्या असतात. सॅक मागे झुकू नये म्हणून त्या ओढायच्या असतात. त्यांनी खांद्यापासून मागे आणि वर, साधारण 45 अंशांत तिरके जायला हवे. चौकट आखूड असली तर त्या आडव्या, किंवा चक्क खालच्या बाजूला जातात आणि सॅकला पुढे ओढण्याऐवजी खांदाच दाबतात. आरशात बाजूने पाहिले की हे लगेच दिसते. शेवटच्या खुणेवर जेमतेम बसणारी सॅक घेऊ नये. एखादी खूण शिल्लक राहील अशी घ्यावी. थंडीत जाड जाकिटावर ती चढवायची असते.

उंच आणि किडकिडीत मुलांची अडचण आणखी निराळी. पाठ मोठ्या मापाची, कंबर लहान. मोठ्या सॅकचा कमरेचा पट्टा पूर्ण ओढला तरी ढिलाच! बक्कल लावल्यावर पट्ट्याच्या दोन्ही गाद्यांच्या टोकांत चार बोटे तरी अंतर राहायला हवे. टोके एकमेकांना भिडत असतील, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वजन उतरल्यावर पट्टा मुळीच धरणार नाही. काही सॅकना हा पट्टा बदलून लहान लावता येतो. विचारायला लाजू नये.

उंच मुलींना दुकानदार 'लेडीज' सॅक दाखवतात. या सॅकचे खांद्याचे पट्टे छातीच्या बाजूने वळवलेले आणि कमरेचा पट्टा जरा तिरका असतो, ते सोयीचेच आहे. पण त्यांची पाठ बहुधा आखूड ठेवलेली असते. पाच फूट नऊ इंचांच्या मुलीने पुरुषांची सॅकही पाठीवर चढवून पाहावी आणि जी बसेल ती घ्यावी. नाव आणि रंग यांवर जाऊ नये.

आणि हो, रिकामी सॅक कोणालाही छान बसते. म्हणून आठ-दहा किलो वजन भरूनच पाहा. दुकानात वाळूच्या पिशव्या नसतील तर घरून तांदळाच्या पाच-पाच किलोंच्या दोन पिशव्या चादरीत गुंडाळून न्या. दुकानदार हसेल, हसू द्या. सॅक चढवण्यापूर्वी सगळे पट्टे सैल करा. आधी कमरेचा पट्टा हाडाच्या कडेवर मधोमध आणून बक्कल लावा आणि आवळा. मग खांद्यांचे पट्टे ओढा, त्यानंतर वरच्या बारीक पट्ट्या आणि शेवटी छातीवरची पट्टी. बरेच जण याच्या नेमके उलट करतात आणि मग सॅकला दोष देतात. पंधरा-वीस मिनिटे फिरा, जिना चढा-उतरा, बुटाची नाडी बांधायला वाका. मान वर करून छताकडे पाहा. डोके मागे सॅकच्या टोपणावर आपटत असेल, तर कातळ चढताना वरची खाच दिसणार नाही.

घरबसल्या इंटरनेटवरून मागवणाऱ्यांनी परत करण्याची मुदत आधी वाचावी आणि लेबल न फाडता हीच परीक्षा घरातल्या जिन्यावर घ्यावी. पैसे वाचवण्यासाठी कोणी म्हणते, साधी सॅक घेऊ आणि मोच्याकडून दुरुस्त करून घेऊ. मोची पट्ट्याला जाड फोम लावून देईल, बक्कल बदलून देईल, शिवण तर दुकानापेक्षा मजबूत घालील. सॅकची पाठ मात्र तो लांब करू शकत नाही. वर्षातून एकदाच हिमालयात जायचे असेल तर सॅक भाड्याने घेण्याचा मार्ग बरा. तिथेही टेप सोबत न्यावी.

आता राहिले लिटर. सह्याद्रीत एका दिवसासाठी 20 ते 30, मुक्कामासाठी 40 ते 50, आणि हिमालयात स्वतःचे सगळे सामान स्वतः वाहायचे असेल तर 50 ते 65 लिटर पुरतात. उंच माणसाचे कपडे, बूट, स्लीपिंग बॅग सगळेच मोठे, म्हणून पाच लिटर जास्त धरावेत. जड वस्तू पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर ठेवाव्यात. स्लीपिंग बॅग तळाशी.

वजन मात्र उंचीवर ठरत नाही. अनेक दिवसांच्या चालीत अंगच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे घेऊ नये, असा ट्रेकर मंडळींचा ढोबळ नियम आहे. सहा फूट दोन इंचांचा पण 65 किलोंचा मुलगा असेल, तर त्याच्या वाट्याला 13 किलो. त्याच ग्रुपमधल्या 80 किलोंच्या ठेंगण्या मित्राला 16. तेव्हा पुढच्या वेळी तंबू कोणी घ्यायचा, हे काट्यावर उभे राहून ठरवायला हरकत नाही.

सॅक एकदा बसली की पट्टे कोणत्या खुणेवर आहेत, तिथे मार्करने एक रेघ मारून ठेवा. घरात एकच चांगली सॅक असली की ती धाकटी बहीण कॉलेजच्या सहलीला नेणार, मामेभाऊ मागून नेणार. परत येईल तेव्हा ती त्यांच्या मापावर आलेली असते आणि हे लक्षात येते ते पहाटे साडेचारला, पायथ्याच्या गावात, बॅटरीच्या उजेडात.