वाफसा एकच, पडदे चार

मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी २०२५च्या सुरुवातीला बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या ऊसशेतीच्या एआय प्रयोगाची वाखाणणी केली आणि ‘एआयचा ऊस’ पारावर पोचला. उपग्रह, हवामान केंद्र, मातीतले सेन्सर यांवर भरपूर लिहून झालं. शेतकऱ्याच्या हातात मात्र येतं ते मोबाइलवरचं अ‍ॅप, आणि खरी कसोटी तिथेच आहे.

ओलाव्याचा एकच आकडा अशा अ‍ॅपमध्ये चार ठिकाणी लागतो: पहिल्या पानावर, शेताच्या नकाशावर, ठिबकच्या वेळापत्रकात आणि सूचनेत. एकीकडे ‘वाफसा आहे’, म्हणजे मातीत पुरेसा ओलावा आहे, आणि दुसरीकडे ‘पाणी द्या’ दिसलं, की शेतकऱ्याचा विश्वास उडतो. फेसबुकलाही हे दुखणं होतं. न वाचलेल्या मेसेजचा आकडा सारखा चुकायचा. त्यातून २०१४ मध्ये ‘फ्लक्स’ ही पद्धत पुढे आली, २०१५ मध्ये ‘रिडक्स’.

नीरा डाव्या कालव्याचं पाणी वीरहून निघून टेलला कसं पोचतं, हे इंदापूरकरांना ठाऊक आहे. अ‍ॅपचे पडदे छोट्या घटकांतून बांधणाऱ्या ‘रिअ‍ॅक्ट’मध्येही वरची माहिती तळाला न्यायची तर एरवी ती मधल्या प्रत्येक घटकाच्या हातून जाते, त्याला तिची गरज असो वा नसो. फ्लक्स-रिडक्समध्ये माहिती ठेवायची जागा, म्हणजे ‘स्टोअर’, ही सामाईक विहीर. ज्याला हवं त्यानं थेट घ्यावं.

रिडक्स शिस्तीचं, पण जुन्या पद्धतीत छोट्या बदलालाही बराच कोड लिहावा लागे. २०१९च्या ‘झुस्टँड’ या लायब्ररीनं तो भार उतरवला. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थच ‘अवस्था’. दाबून पाठवलेल्या झुस्टँडचा आकार एक किलोबाइटच्या आसपास. घटकानं फक्त ओलावा मागितला असेल, तर तापमान बदलल्यावर तो पुन्हा रंगवला जात नाही. स्वस्तातल्या फोनवर हे फार मोलाचं. छोट्या चमूनं शेतीचं अ‍ॅप बांधताना इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

एक धोका मात्र मला अस्वस्थ करतो. स्टोअरमधली माहिती फोनमध्ये साठवायची सोय झुस्टँडमध्ये आहे. रेंज गेली तरी शेवटचा आकडा दिसतो. पण तो कालचा असेल तर? चारही पडदे एकमुखानं ‘वाफसा आहे’ सांगतील आणि तिकडे ऊस सुकत असेल. म्हणून आकड्याबरोबर सेन्सरनं तो कधी टिपला ती वेळही स्टोअरमध्ये ठेवावी, आणि पडद्यावर ठळक अक्षरांत दाखवावी: ‘ही नोंद काल संध्याकाळी सहाची’. मग व्हॉल्व्ह उघडण्याआधी शेतकरी सरीतली माती मुठीत दाबून बघेल.