मावळतीकडची नावं

तालुका मुळशी, पण तहसील कचेरी पौडला. बाहेरचा माणूस इथेच चकतो. इथल्यांना मात्र त्यात काही वावगं वाटत नाही. नाव एकीकडे आणि जागा दुसरीकडे, याची या तालुक्याला शंभर वर्षांची सवय आहे.

पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत शिरलेला हा सगळा पट्टा म्हणजे मावळ. सूर्य मावळतो ती बाजू. पण कोणाच्या दृष्टीने? आंबवण्याचा शेतकरी सूर्य मावळताना बघतो तो खाली कोकणात. तेव्हा मावळ हे नाव पूर्वेकडच्या, देशावरच्या नजरेतून आलेलं. जगात अशी नावं पुष्कळ आहेत. अरबांनी ईजिप्तपलीकडच्या उत्तर आफ्रिकेला मगरिब म्हटलं, म्हणजे मावळतीचा मुलूख. ग्रीकांनी समुद्राच्या पूर्वेकडच्या भूमीला आनातोलिया म्हटलं, म्हणजे उगवतीची. जपानचं निप्पोन हे ‘सूर्याचं उगमस्थान’ चीनच्या बाजूने पाहिलं तरच पटतं.

मावळाच्या आत शिरलं की दिशा संपतात आणि खोरी सुरू होतात: पौड खोरं, मुठा खोरं, मोसे खोरं. शिवकाळात ढमाले, मारणे, पासलकर हे देशमुख याच खोऱ्यांच्या नावाने ओळखले जात. खोऱ्यांतली गावं मात्र झाडांवर पोसलेली. आंबवणे, जांबे, पळसे, पिंपळोली, म्हाळुंगे. म्हाळुंग हे लिंबाच्या जातीचं मोठं, जाड सालीचं फळ, हे म्हाळुंग्याच्या नव्या इमारतींत राहणाऱ्यांना सांगावं लागेल. आयर्लंडमधल्या डेरी शहराचं नावही तसंच, ‘दोइरे’ म्हणजे ओक वृक्षांची राई. झाडं तुटतात, नाव उभं राहतं.

अशा साध्या नावांना सोवळं नेसवायची आपल्या पंडितांना फार हौस. खुद्द पुण्याचंच बघा. राष्ट्रकूटांच्या 758 च्या ताम्रपटात ‘पुण्यविषय’ आहे आणि दहाच वर्षांनंतरच्या, 768 च्या ताम्रपटात ‘पूनकविषय’. ‘पुण्य’ सगळ्यांना आवडतं. माझा कल ‘पूनक’कडे आहे, कारण लेखनिक नाव सुधारून लिहितो, बिघडवून क्वचितच. (रोमन लिपी आली की तो नियमही मोडतो. हिंजवडीचं हिंजेवाडी झालं, आणि आता तिथे नोकरी करणारी निम्मी मुलं तेच खरं समजतात.)

खुर्द आणि बुद्रुक ही कारकुनी जोडी फारसीतून आली. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक हे ‘बुजुर्ग’वरून. मुळशीलाही ती आहे, बावधनलाही. एसटीच्या पाटीवर त्यांचं नुसतं खु. आणि बु. होतं. इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये ग्रेट स्नोरिंग आणि लिटल स्नोरिंग अशी गावं आहेत, आणि आज लोकवस्ती लिटलमध्येच जास्त. आपल्याकडेही धाकट्याने थोरल्याला मागे टाकल्याची उदाहरणं कमी नाहीत. सरकारदरबारी धाकटं मात्र धाकटंच राहतं.

नावाचा अर्थ विसरला की तो पुन्हा जोडला जातो. घनगडात ‘गड’ आहे, कोरीगडात आहे, तरी आपण ‘घनगड किल्ला’ म्हणतो. सहारा म्हणजे अरबीत वाळवंटंच, पण आपण ‘सहारा वाळवंट’ म्हणतो. तिमोर हा मलय भाषेतला ‘पूर्व’, त्यामुळे पूर्व तिमोर हा ‘पूर्व पूर्व’ झाला. हसायचं कारण नाही. जुना शब्द बोलणारे गेले की नव्यांनी आपला शब्द वर ठेवायचाच.

पण मुळशीतली खरी गोष्ट पाण्याखालची आहे. टाटांच्या वीज कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं, आणि 1921 च्या रामनवमीला शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. धरण झालं, पाणी कोकणात भिऱ्याकडे वळलं, विजेचा उजेड मुंबईला गेला. भातखाचरं आणि गावठाणं बुडाली. लोक वर सरकले, नावंही त्यांच्याबरोबर वर चढली. वेल्समधलं कापेल केलिन हे गाव लिव्हरपूलच्या पाण्यासाठी 1965 मध्ये बुडालं, तिथल्या तलावाला लिन केलिन म्हणतात. ‘केलिन’ म्हणजे हॉली हे झाड. नाव तेवढं ज्याने बुडवलं त्याच पाण्याला चिकटलं. मुळशी म्हटल्यावर आज पुणेकराच्या डोळ्यांपुढे गाव येत नाही, तलावच येतो.

मोसे खोऱ्यात याच्या उलट झालं. दासवे, मुगाव ही गावं जागच्या जागी असताना त्यांच्या डोंगरावर लवासा हे नवं शहर आलं. त्या नावाचं गाव तिथे कधीच नव्हतं आणि शब्दालाही अर्थ नाही. तो विक्रीसाठी घडवलेला. दासवे हे नाव पुसलं नाही, फक्त जाहिरातीत लवासाच्या सावलीत गेलं. भूगाव-पिरंगुटकडच्या गृहसंकुलांची विलायती नावंही याच जातीची. त्यांच्याबद्दल मला राग नाही, पण पन्नास वर्षांनी त्यांच्यावरून कोणाला काही कळेल असं वाटत नाही.

कळेल ते शेताच्या नावांवरून. मुळशीत एकेका खाचराला, टेपाला, ओढ्याच्या वळणाला वेगळं नाव असतं, आणि भात लावणाऱ्या बायकांना ती सगळी तोंडपाठ. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर गट क्रमांकाच्या जवळच ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना छापलेला आहे. अनेक उताऱ्यांवर तो कोरा असतो. जमिनी विकल्या जाण्याआधी ग्रामपंचायतींनी आणि तलाठ्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून तेवढा तरी भरून घ्यावा. खर्च काही नाही, एक पावसाळा पुरेल.