काडतूस निवडायचं कसं?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ पटकावलं. गडी शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातला, कांबळवाडीचा. त्यामुळे सातारा-सांगलीकरांनाही पदक घरचंच वाटलं. मग प्रश्न येतो, अमेरिकेत लोक घरी काडतुसं भरतात, तसं आपले नेमबाज का करत नाहीत?

एक तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. दुसरं कारण मेकॅनिकल आहे. मोठ्या रायफलच्या काडतुसाला बुडाशी मधोमध वेगळा प्राइमर असतो. तो बदलला की पितळी केस पुन्हा वापरता येते. ५० मीटरला चालतं ते पॉइंट टू-टू. त्याचा स्फोटक मसाला केसच्या कडेतच भरलेला असतो आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. केस एकदा वापरली की भंगार!

म्हणजे भरण्याचा प्रश्नच मिटला, उरली निवड. इथे वेगापेक्षा वेगाचा सारखेपणा महत्त्वाचा. जरा गणित करू या. सरासरी वेग सेकंदाला ३१० मीटर धरला, तर ५० मीटरला ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात गोळी साधारण साडेबारा सेंटीमीटर खाली येते. वेग एक टक्का कमी झाला की ही घसरण दोन टक्क्यांनी, म्हणजे अडीच मिलिमीटरने वाढते. दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर, आणि फायनलमध्ये दर ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण जातो. हिशेब तुम्हीच करा.

म्हणून खेळाडू नुसता ब्रँड बघत नाहीत, डब्यावरचा लॉट नंबर बघतात. कंपनी तीच, किंमत तीच, पण लॉट बदलला की गोळ्यांची वागणूक बदलते. रायफल व्हाइसमध्ये घट्ट धरायची, प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडायच्या आणि भोकं किती जवळजवळ पडली ते मोजायचं. तीन गोळ्यांवर निकाल लावू नये. सॅम्पल साइज आपल्याला एम-थ्रीच्या पेपरात उगाच शिकवत नाहीत! मित्राच्या रायफलला मानवलेला लॉट आपल्या रायफलला मानवेलच असं नाही, कारण प्रत्येक बॅरलचं बोअर आणि कंपनं वेगळी. चांगला लॉट सापडला की सीझनभराचा साठा एकदम घेतात, कारण तो संपला की पुन्हा मिळत नाही.

एअर रायफलवाल्यांचंही हेच. छर्ऱ्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. ते मिलिमीटरमध्ये डोक्याचे व्यास. फरक शंभरांश मिलिमीटरचा, तरी तोही झाडूनच ठरवायचा.