जुन्या सायकलीस रुंद टायर

१९७० च्या सुमाराच्या अनेक ब्रिटिश सायकलींच्या पोलादी सांगाड्यात २७ इंची चाके असत. त्यांच्या रिमवर टायर जेथे बसतो तेथील व्यास ६३० मिलिमीटर होय. फ्रेंच ६५०बी चाकाचा हाच व्यास ५८४ असल्यामुळे त्रिज्या २३ मिलिमीटरांनी घटते. मागील खालच्या दोन नळ्या आसाकडे एकमेकींपासून दूर होत जातात. लहान चाकाचा टायर त्या मोकळ्या भागात येतो व त्याच्या रुंदीस वाव मिळतो. मात्र ब्रेकचे गुटकेही तितकेच सरकावे लागतात, म्हणून लांब भुजांचे ब्रेक आवश्यक ठरतात. पायडलही जमिनीजवळ येते. नळी दाबूनही जागा करता येते. परंतु पातळ नळीस चीर पडल्यास स्वाराच्या जिवावर बेतते. म्हणून प्रथम चाक बदलून पाहणेच श्रेयस्कर.